ताम्हिणीत वारा शांत होता

पुण्याजवळच्या माणहून ताम्हिणी घाटाला निघालो आणि पहिला अडथळा घराच्या दारातच आला. केतकीचे घरमालक नाना गेटाच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. आज जिथे त्यांची इमारत आहे तिथे पूर्वी भाताचं खाचर होतं. आता मजल्यावर मजले आहेत, मजल्यांवर खोल्या आहेत आणि खोल्यांमध्ये देशभरातून आलेली मुलं लॅपटॉप मांडीवर घेऊन राहतात.

"आदी हितं भात पिकायचं, आता भाडं पिकतंय," नाना मला म्हणाले. "पाऊस पडो न पडो."

कुठे चाललात, कशाला, परत कधी, हे सगळं सांगितल्याशिवाय खुर्ची हलणार नव्हती. "ताम्हिणीला वारा मोजायचं यंत्र बसवायचंय," केतकी म्हणाली.

"वारा कशाला मोजायचा? त्यो काय विकायचा हाय?" असं म्हणून नानांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आन् ह्यास्नी नेतीस व्हय? धरून ठेव बाई. उडतील."

मी हडकुळा आहे हे मला माहीत आहे. बार्शीच्या शाळेत हयातभर चित्रकला शिकवली. मुलांनी फळ्यावर काढलेल्या माझ्या चित्रांत नेहमी एक उभी रेघ आणि चष्मा एवढंच असायचं. निवृत्त झाल्यावर मोकळा वेळ मिळाला, म्हणून भाचीकडे मुक्कामाला आलो होतो. केतकी ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ती जिथे काम करते ती छोटी कंपनी हवामान मोजायची उपकरणं तयार करते. सुट्टीच्या दिवशीही तिला कामावर जायचं होतं, आणि 'मामा, तूही चल, घाट बघून होईल' एवढ्या बोलावण्यावर मी तयार झालो.

माणमधून बाहेर पडायला जितका वेळ लागला तितक्यात आपल्याकडे बार्शीहून कुर्डुवाडी गाठून चहाही झाला असता. कंपन्यांच्या बसगाड्या, टँकर, खोदलेला रस्ता, बुजवलेला रस्ता, आणि बुजवलेला रस्ता पुन्हा खोदणारं यंत्र. घोटावड्याच्या पुढे मात्र झाडं दिसू लागली आणि पौड मागे पडल्यावर डोंगर थेट काचेत येऊन उभे राहिले. मागच्या सीटवर एक खोकं होतं. केतकीने त्याला सीटबेल्ट लावला होता. मला लावायची आठवण तिला पौडच्या अलीकडे झाली.

मुळशी धरणाचं पाणी दिसू लागलं तिथे आम्ही थांबलो. मे महिना होता. पाणी बरंच मागे हटलं होतं आणि काठाची माती उघडी पडून तिला आडव्या रेघा उमटल्या होत्या, जुन्या भांड्याला आतून पडतात तशा. टपरीवर चहा घेताना मी खोक्यात काय आहे ते दाखव म्हणालो. तिने ते उघडलं.

मी निराश झालो, हे कबूल करतो. माझ्या डोक्यात शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र होतं, चार वाट्या गरगर फिरणारं. इथे खाली डब्यासारखा पांढरा भाग होता आणि वर चार बारीक हात, आत वळून एकमेकांकडे तोंड करून बसलेले. चौघे पत्ते खेळायला बसावेत आणि पत्तेच कुणी आणलेले नसावेत, असं ते दृश्य.

"ह्यात फिरतं काय?" मी विचारलं.

"काहीच नाही. म्हणून तर झिजत नाही, अडकत नाही."

"मग वारा कळतो कसा?"

"आवाजावरून." तिने एका टोकावर बोट ठेवलं. "इथून आवाज निघतो आणि समोरच्या टोकाला पोचतो. मग समोरचं टोक उलटा आवाज पाठवतं. आपल्या कानांना ऐकू येत नाही इतका उंच असतो तो. वारा पडलेला असेल तर जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. पण वारा सुटला की त्याच्याबरोबर जाणारा आवाज लवकर पोचतो आणि त्याच्या विरुद्ध येणारा उशिरा. किती लवकर आणि किती उशिरा, एवढंच हे यंत्र बघतं. त्यावरून वाऱ्याचा वेग निघतो."

"एवढ्याशा अंतरात असा काय उशीर होणार?"

"आपल्याला कळणार नाही असा. त्याला कळतो."

मग तिने टपरीसमोरच्या धुळीत चपलेच्या टोकाने एक फुली काढली. एक जोडी उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम. वारा तिरका आला तर त्याचा काही भाग ह्या रेघेवर उमटतो, काही त्या रेघेवर. दोन्ही रेघांवरचं माप घेतलं की वारा कुठून कुठे आणि किती जोरात चालला आहे ते दोन्ही कळतं. हे मला पटकन समजलं. आयताच्या दोन बाजू हातात असल्या की कर्ण आपोआप मिळतो. मी वर्षानुवर्षं तेच शिकवत होतो, फक्त त्यात वारा आहे हे ठाऊक नव्हतं.

मला एक शंका सुचली आणि तिचा फार अभिमान वाटला. "उन्हात हवा तापली की आवाजही जोरात पळत असेल. मग हिशेब चुकत नाही?"

"पळतो ना. पण जातानाही तेवढाच आणि येतानाही तेवढाच. दोन्हीकडून मोजलं की ते आपोआप निघून जातं." तिने झाकण लावलं. "ह्याची एकच अट असते मामा. आजूबाजूला मोकळं हवं. आडोशाला लावलंस तर ते आडोशातला वारा मोजणार. खोटं बोलत नाही ते, पण जिथे बसवलंय तिथलंच सांगतं."

यंत्र कुठे बसवायचं होतं तेही तिने गाडीत सांगितलं. ताम्हिणीजवळ एका रिसॉर्टवाल्यांनी झिपलाइन उभारली होती, म्हणजे दरीच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलेली तार. तिला माणसाला लटकवून सोडतात. माणूस घरंगळत पलीकडे जातो आणि त्याबद्दल पैसे देतो. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की यंत्राने भोंगा वाजवायचा आणि सुटायच्या जागेचं गेट आपोआप कुलूपबंद करायचं, अशी योजना होती. ते असल्याशिवाय झिपलाइनला परवानगी नव्हती.

रिसॉर्टचं नाव इथे देत नाही. ते इंग्रजीत आहे आणि त्यात 'स्काय' हा शब्द दोनदा येतो. दारात प्लास्टिकचा जिराफ होता. सह्याद्रीत जिराफ का, हा प्रश्न माझ्याशिवाय कुणाला पडलेला दिसला नाही. मालक दिनकरशेठ पांढऱ्या शर्टात, गॉगल कपाळावर चढवून सामोरे आले. जमीन वडिलोपार्जित, खालचा तुकडा विकून वरच्या तुकड्यावर रिसॉर्ट बांधलेलं. माणूस मोठा आदबशीर होता. कोकम सरबत आधी, बोलणं नंतर.

केतकीने खोकं उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा अगदी माझ्यासारखाच पडला.

"हे? एवढंच?"

"हो."

"ह्यात फिरत काय न्हाई?"

"नाही."

"दिवा बिवा?"

"नाही."

"ताई, आज भाऊ येणार हायेत उद्घाटनाला." दिनकरशेठ कळवळून म्हणाले. "त्यांना काय दाखवायचं? कायतरी फिरतं पायजे की हो!"

भाऊ म्हणजे त्या भागातले पुढारी. शेवटी दिनकरशेठांनी दुकानातून एक लाल-पिवळी प्लास्टिकची भिंगरी मागवली आणि यंत्राच्या खांबाला बांधायला लावली. केतकीने ती यंत्रापासून बरीच खाली बांधायला लावून तेवढ्यापुरता तह केला. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती खांबापलीकडे बघत होती.

खांबाची जागा तिने आधी येऊन आखून दिली होती, डोंगराच्या सोंडेवर, म्हणजे कड्याच्या पुढे निघालेल्या निमुळत्या भागावर. कोकणाच्या बाजूला पूर्ण मोकळं. खांब त्याच जागी होता. पण त्याच्या पुढ्यात, कोकणाच्याच बाजूला, लोखंडी सांगाडा उभा राहिला होता आणि त्यावर भाऊंचा प्रचंड फ्लेक्स ताणलेला होता. हात जोडलेले भाऊ, मागे विमान, इंद्रधनुष्य आणि, का कोण जाणे, वाघ.

"शेठ, ह्याने वारा अडणार. यंत्राला वारा लागणारच नाही."

"ताई, रस्त्यावरून दिसंल अशी हीच जागा हाय."

"मग यंत्र तरी दुसरीकडे लावू."

"वायर हितंच आल्या. कार्यक्रम झाला की उद्या सकाळी फ्लेक्स उतरवतो. शब्द देतो. आता भाऊंना कसं हलवायचं सांगा तुमी!"

केतकीने तिच्या साहेबांना फोन लावला. साहेबांचं म्हणणं असं की आज यंत्र चालू करून दे, गिऱ्हाईक दुखवू नकोस, जागेचं उद्या बघू. फोन ठेवून ती दिनकरशेठांना स्पष्ट म्हणाली, "मी चालू करून देते. पण हा फ्लेक्स असेपर्यंत तारेवर एकही माणूस सोडायचा नाही."

"सोडायचा न्हाई. नुस्ती फीत कापायची," दिनकरशेठ म्हणाले, आणि मला वाटतं, त्या क्षणी त्यांना ते खरंच वाटत होतं.

ती कामाला लागली आणि मी जेवायला गेलो. भटारखान्याच्या मागे जांभळीच्या सावलीत तांदळाची भाकरी, उडदाचं डांगर आणि झणझणीत ठेचा असं जेवण मिळालं. शेजारी एक काटक माणूस जेवत होता. अंगातल्या टी-शर्टवर 'कॅप्टन' असं लिहिलेलं. त्याचं नाव शंकर. दरीच्या उतारावरच्या एका वाडीतला. तारेच्या पलीकडच्या टोकाला उतरणाऱ्यांना धरून घेणं हे त्याचं काम. त्यासाठी त्याला शिकवणीला पाठवलं होतं. त्याआधी मिळेल त्या रोजावर जायचा, आणि उन्हाळ्यात घरची सगळी करवंदं वेचायची.

त्याने पानावर ठेवलेली करवंदं माझ्याकडे सरकवली. "घ्या. सकाळीच काटेरी जाळीतनं काढल्यात."

"तारेवर भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"तारंची न्हाई वाटत. शेठची वाटती." तो हसला. "ही नोकरी गेली तर परत रोजानं. बायकू म्हनती, कॅप्टन झालाईस, आता खाली उतरू नगस."

बोलता बोलता त्याने भाकरीवर हात ठेवला. वारं उठलं होतं. पत्रावळी उडू नये म्हणून तिथल्या प्रत्येकाने न बघताच तिच्यावर काहीतरी ठेवलं. उन्हं कलली की कोकणातून वारा वर चढतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि दिनकरशेठांनाही माहीत होतं. फक्त कार्यक्रमपत्रिकेला माहीत नव्हतं.

भाऊ दुपारी यायचे ते ऊन बरंच उतरल्यावर आले. तोवर मांडवाचं कापड फडफडून फाटायच्या बेतात होतं आणि चार माणसं ते धरून उभी होती. निवेदकाने खिशातून कागद काढून 'वाऱ्याच्या वेगाने विकास करणारे' अशी सुरुवात केली, तेवढ्यात त्याचा पुढचा कागद त्याच वेगाने जिराफाच्या दिशेने गेला. बाकीचं त्याने पाठ म्हटलं.

मांडवात एक मोठा पडदा लावला होता. यंत्राने मोजलेला वारा त्यावर दिसणार होता. भाऊ लोखंडी टेबलावर चढले आणि त्यांनी झेंडूचा जाडजूड हार यंत्राला घातला. टाळ्या वाजल्या. पडद्यावर आडव्या रेघा आल्या.

"बंद पडलं वाटतं," मांडवात कुजबुज सुरू झाली. दिनकरशेठांनी केतकीकडे असं पाहिलं की मलाच घाम फुटला. ती टेबलावर चढली, म्हणाली, "फुलं मधे आल्यावर आवाज जाणार कुठून?" आणि तिने हार सरळ काढून टाकला.

"भाऊंचा हार काढला!" कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी ओरडलं. पण त्याच क्षणी पडद्यावर ठळक हिरवी अक्षरं उमटली: वारा शांत.

मांडवाचं कापड धरलेले चौघे आता सहा झाले होते. एक टोपी माझ्या डोळ्यांसमोरून उडत गेली. आणि निवेदक भरल्या आवाजात म्हणाला, "मंडळी, भाऊंचं आगमन झालं आणि वारासुद्धा शांत झाला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत धूळ गेल्याने त्या डोळे मिटून वाजवल्या.

फीत कापून झाली. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, पहिला मान भाऊंचा! सगळे ओरडू लागले. भाऊ कड्याच्या टोकापर्यंत गेले. त्यांनी खाली पाहिलं. दरी खोल होती. भाऊ एक पाऊल मागे आले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "आपली संस्कृती काय सांगते? पहिला मान ज्येष्ठांचा!" आणि त्यांचं बोट गर्दीवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबलं.

दिनकरशेठांनी तोंड उघडलं, भाऊंकडे पाहिलं आणि परत मिटलं. दिलेला शब्द तिथेच संपला.

आता मी नाही का म्हणालो नाही? सांगतो. शाळेत सत्कार व्हायचे ते गणिताच्या आणि इंग्रजीच्या मास्तरांचे. त्यांच्या सत्काराचे फलक मी रंगवायचो. इथे शेकडो माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती आणि पडद्यावर तर स्पष्ट लिहिलं होतं की वारा शांत आहे. माझ्या अंगावर पट्टे चढले, डोक्यावर शिरस्त्राण आलं. केतकी टेबलावर उभी राहून यंत्रात अडकलेल्या पाकळ्या काढत होती. तिने मान वळवली तेव्हा मी गेटात होतो.

"मामा! उतर! मामा!"

"भाचीचा आनंद बघा मंडळी!" निवेदक म्हणाला. आणि मला सोडलं.

सुरुवात फार सुंदर होती, हे मान्य केलं पाहिजे. खाली करवंदीच्या जाळ्यांचे हिरवे ठिपके, घाटाचा रस्ता शिवणीच्या टाक्यासारखा, पुढे कोकणाचा निळसर धुरळा. एवढा मोठा कॅनव्हास माझ्या पायांखाली कधीच नव्हता. मग सोंडेचा आडोसा सुटला आणि वारा समोरून छातीवर येऊन आदळला. कुणीतरी तळहाताने थोपवावं तसा. वेग कमी झाला, आणखी कमी झाला. पलीकडचा ओटा, त्यावर हात पसरून उभा असलेला शंकर, सगळं दिसत होतं. पोचायला थोडंसंच उरलं होतं आणि मी थांबलो. मग हळूहळू मागे घरंगळलो. तार जिथे सर्वांत खाली झोळते तिथे, दरीच्या ऐन मध्यावर, लोंबकळत राहिलो.

मी ओरडलो. माझं ओरडणं वाऱ्याबरोबर मांडवापर्यंत छान पोचत होतं, असं मला नंतर कळलं. त्यांचं मात्र माझ्यापर्यंत वाऱ्याविरुद्ध यायचं होतं. कर्णे लावूनही तुकडे तेवढे आले. "...निसर्गाचा... आनंद घेत..." एवढं ऐकू आलं आणि मला निवेदकाचा गळा धरावासा वाटला. सकाळी केतकीने टपरीवर समजावून सांगितलेलं आता माझ्याच अंगावर चाललं होतं. पण तेव्हा त्यात मला काही रस नव्हता. माझी एक चप्पल निसटली. ती खाली जाताना मी पाहिली. बराच वेळ जात होती.

मांडवात काय झालं ते केतकीने मला नंतर सांगितलं. दिनकरशेठ घाबरले होते, पण पडदा हिरवा होता आणि भाऊ समोर होते. त्यांनी निष्कर्ष काढला की वारा नाहीच, मामाच वजनाला कमी पडले. त्यावर एका कार्यकर्त्याने उपाय सुचवला: मागून एक जाड माणूस सोडा, धक्क्याने मामा पलीकडे जातील. सगळ्यांना तो पटला. भाऊंचा ड्रायव्हर चांगला भरलेला गृहस्थ होता. त्याला धरून आणून पट्टे चढवू लागले. तो बिचारा आपल्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, एकुलता एक मुलगा आहे, असं सगळं एका दमात सांगत होता.

केतकीने आधी ओरडून पाहिलं. मग गेटाला आडवी उभी राहिली. दोघांनी तिला बाजूला केलं. "पडद्यावर बघा ना ताई, शांत हाय!" दिनकरशेठ म्हणाले.

तेव्हा ती पळाली. हत्यारांच्या पिशवीतून तिने कटर घेतला, फ्लेक्सच्या सांगाड्यावर चढली आणि भाऊंच्या जोडलेल्या हातांखालची दोरी कापली. मग दुसरी. कुणाला काही सुचायच्या आत तिसरी.

ह्याच वेळी मी दरीच्या मध्यावर शंकरकडे बघत होतो. तो तारेला स्वतःला अडकवून, हातावर हात टाकत, वाऱ्यात हेलकावे खात माझ्याकडे येत होता. पोचल्यावर त्याने माझ्या पट्ट्यात दोरीचा आकडा अडकवला.

"खाली बघू नगा साहेब. माज्याकडं बघा. मी काय लई देखणा न्हाई, पन दरीपरीस बरा हाय."

"तू... घाबरला नाहीस ना?" मी विचारलं. मला खरं तर उलट उत्तर चालणार नव्हतं.

"घाबरलोय की." त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती. "तिकडं गेटात कोनतरी चढतंय. मागनं सोडला तर आपली दोगांची बी चटणी हुतीय."

मी मान वळवू शकत नव्हतो. माझ्यामागे काय आहे ते मला फक्त त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो हात हलवून 'नको, नको' करत होता. मी त्याचं मनगट धरलं. त्यानेही माझं धरलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

मग वाऱ्याला चिरत भोंगा वाजला. इतका कर्कश आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता.

"गेट बंद झालं!" शंकर ओरडला. "आता कुनाच्या बापाला उघडत न्हाई!" आणि तो मोठमोठ्याने हसू लागला. मीही हसू लागलो. हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वारा ते सरळ कानाकडे नेत होता.

त्याने मला ओढत पलीकडे नेलं. ओट्यावर पाय टेकले तशी मी त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. त्याने माझ्या पाठीवर थोपटलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, तिकडं जाऊन तार वाईट हाय असं बोलू नगा. तार चांगली हाय. सकाळच्याला या, पाखरावानी जाताल. ही येळ वाईट हाय." मी त्याला तसं वचन दिलं, आणि म्हणून इथेही लिहितो: तार उत्तम आहे.

पायवाटेने वळसा घालून आम्ही परत आलो तेव्हा मांडवात वेगळंच नाट्य चाललं होतं. दोऱ्या सुटल्यावर वाऱ्याने फ्लेक्स उपटून मांडवावर टाकला होता. भाऊ स्वतःच्याच चेहऱ्याखाली सापडले. त्यांना वाघाच्या बाजूने बाहेर काढावं लागलं. पडदा लालभडक झाला होता आणि यंत्र आता जो आकडा दाखवत होतं तो वाचून लोक पहिल्यांदाच आपापल्या टोप्या धरत होते. वारा मघापासून तेवढाच होता. कार्यकर्त्यांनी केतकीला घेरलं होतं. तिच्या हातात अजून कटर होता.

"भाऊंचा फ्लेक्स कापला! कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या," केतकी म्हणाली. ती मागे सरकली नाही. "तारेवर माणसं होती. वारा ह्या फ्लेक्समागे लपला होता."

भाऊंनी डोक्यावरची धूळ झटकली. एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग मोबाइल उंच धरून चित्रण करणाऱ्या गर्दीकडे. राजकारणात माणूस उगाच वर जात नाही. त्यांनी माइक घेतला.

"मंडळी! सुरक्षेच्या बाबतीत तडजोड होणार नाही! माझा फ्लेक्स असला तरी कापा, असा माझा स्पष्ट आदेश होता!"

क्षणभर कुणालाच कळेना. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. केतकीला घेरणाऱ्यांनीच तिला शाल दिली. ड्रायव्हर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या टाळ्या तेवढ्या खऱ्या होत्या.

परतताना मुळशीच्या पाण्याकाठचं वळण आलं तशी केतकीने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

"मी चालू करून द्यायलाच नको होतं, मामा. फोनवर ते म्हणाले आणि मी हो म्हटलं. तुला काही झालं असतं तर?"

मी म्हटलं, काही झालं नाही. ती म्हणाली, ते उत्तर नाही. खरंच नव्हतं.

तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला. भाऊंच्या भाषणाची चित्रफीत त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते खूश होते; केवढी प्रसिद्धी! केतकीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, यंत्र बरोबर होतं आणि जागा चुकीची होती, आणि ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. इथून पुढे जागा बरोबर असल्याशिवाय मी यंत्र चालू करणार नाही. ह्यावरून मला काढायचं असेल तर आत्ता सांगा." मग त्यांनी 'सोमवारी बोलू' म्हणून फोन ठेवला. सोमवारी ते बोलले नाहीत. बोलायचं त्यांनी टाळलं. तिची नोकरीही राहिली आणि अटही राहिली. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी यंत्र सोंडेच्या अगदी टोकाला गेलं. झिपलाइन आता सकाळी चालते, आणि दुपारी गेट बंद झालं की शंकर पाहुण्यांना रानातून फिरवून आणतो, असं केतकी सांगते. दिनकरशेठ अधूनमधून तिला फोन करतात आणि आदबीने विचारतात, "ताई, यंत्र जरा समजूतदार करता यील का?" ती नाही म्हणते. मग ते घरच्यांची विचारपूस करून फोन ठेवतात.

बार्शीला परत येताना बसच्या खिडकीशी बसून मी विचार करत होतो. वारा काय आहे ते त्या मांडवातल्या प्रत्येकाच्या अंगाला लागत होतं. कापड धरणाऱ्यांना माहीत होतं, टोपी गेलेल्याला माहीत होतं, मला स्वतःला माहीत होतं. तरी आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो, कारण पडद्यावर आम्हाला हवं ते लिहिलेलं होतं. वाईट माणूस त्यात एकही नव्हता. कार्यक्रम तेवढा पुढे न्यायचा होता.

बहीण आणि मी एकाच घरात राहतो; घरी पोचलो तो ती ओट्यावरच बसली होती, केतकीची आई. कुणीतरी तिला ती चित्रफीत आधीच दाखवली होती. आता माझी धडगत नाही असं समजून मी पिशवी खाली ठेवली. पण ती मला काही बोलली नाही. मुलगी पुण्यात नेमकं काय काम करते हे ह्या बाईला कधीच धड सांगता आलं नव्हतं. शेजारणींनी विचारलं की 'हवेचं काहीतरी आहे' म्हणून विषय बदलायची. आता तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मी लोंबकळत होतो तो भाग तिने झरझर पुढे ढकलला. सांगाड्यावर चढलेली केतकी दिसली तिथे थांबवलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, आणि शेजारच्या घराकडे तोंड करून खणखणीत आवाजात हाक मारली, "अहो सुमनताई, जरा इकडे या. आमची मुलगी काय करते ते दाखवते."